उजवीकडचा आवाज

"मला आवाज येतो," धाकटी म्हणाली आणि वर्गातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. थोरलीचे डोळे अजून मिटलेले होते, तरी तिला ते कळलं. चटया सरकल्या, कुणाचा तरी गुडघा कटकन वाजला, आणि वर्ग घेणाऱ्या बाई, ज्या एरवी एक वाक्य संपायच्या आत दुसऱ्याला हात घालत, त्या चक्क गप्प झाल्या. धुलाईच्या दुकानावरचा तो हॉल, खालून येणारा गरम इस्त्रीचा वास, रविवारी सकाळी साडेसातचं फिकट ऊन, आणि शेजारच्या चटईवर आपली सख्खी जाऊ. "कसा आवाज?" बाईंनी विचारलं. धाकटी हसली, जराशी लाजलीसुद्धा. "बारीक आहे. एकसारखा. ओलं बोट काचेच्या पेल्याच्या कडेवरून फिरवलं की येतो ना, तसा. डोळे मिटले की जास्त. आधी वाटलं फ्रिजचा असेल. फ्रिज बंद करून पाहिला, तरी आहेच." कुणीतरी खुदकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. आत्म्याबद्दलही त्या नकाशासमोर छडी घेऊन उभं राहिल्यासारख्या बोलत. पण आता त्यांचा आवाज उतरला होता. "हा आतला नाद. हा मागून मिळत नाही," त्या म्हणाल्या. "मला नऊ वर्षं लागली." थोरलीनं तेव्हा डोळे उघडले, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते कधी येऊन बसलं ते तिला ठाऊक नव्हतं, पण चांगलं बसलं होतं, कुठे सुरकुती न पडता.

सहा वर्षं झाली होती तिला. "शरीरासारखाच आत्म्यालाही व्यायाम लागतो," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "आणि चुकवला की आत्माही सुटतो, पोट सुटतं तसा." सकाळी वीस मिनिटं श्वास. दुपारी एकदा हातातलं काम थांबवून नुसतं ऐकणं. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी दिवसाची उजळणी: सकाळपासून काय बोललो, काय केलं, कुठे घसरलो, ते सगळं स्वतःला न मारता आणि न गोंजारता नजरेखालून घालायचं. थोरलीनं यातलं काही चुकवलं नव्हतं. बाळंतपणाच्या दिवशी कळा मोजता मोजता तिनं श्वास मोजले होते. लेक महिन्याची होती तेव्हा तिला मांडीत घेऊन बसायची. दूध आपोआप झिरपून पुढचं सगळं ओलं व्हायचं, पण वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. आता ती साडेचार वर्षांची झाली होती, घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि पहाटे बैठक चालू असताना ती उशी ओढत यायची, आईच्या मांडीत शिरायची आणि तोंडाला तोंड लावून विचारायची, "संपलं का गं श्वास?" नवरा चहाचं भांडं विसळत म्हणायचा, "अगं भिंगरे, श्वास संपला तर आपली पंचाईत होईल. आईचा आत्मा दंडबैठका काढतोय, काढू दे." ती हसायची. चिडणं हे घसरणं होतं, आणि संध्याकाळी उजळणीत ते काढावं लागे, म्हणून ती मुळातच चिडत नसे. इतकी वर्षं तिनं फक्त एकाच गोष्टीची वाट पाहिली होती, आणि तीही मनातल्या मनात, कारण वाट पाहायची नाही असा नियम होता: की एक दिवस, कुठल्याही दिवशी, आत काहीतरी वाजेल.

आणि धाकटीला तीन महिने. बरं, तिला वर्गाला नेलं कुणी? थोरलीनंच. आपल्या हातानं. धाकटी वरच्या मजल्यावर राहायची, दिरासोबत, मूलबाळ अजून नव्हतं, आणि मागच्या हिवाळ्यात ती दुपारी दुपारी खाली येऊन सोफ्यावर नुसती बसून राहायची, भिंगरीची खेळणी हातात घेऊन. "चल तू माझ्याबरोबर रविवारी," थोरली म्हणाली होती, आणि त्या दिवशीच्या उजळणीत ते वाक्य तिनं अंमळ जास्त वेळ हातात धरलं होतं. धाकटी आली, बसली, आणि तिला जमलं. तिला सगळंच जमायचं. पोहायला आठवड्यात शिकली. गाडी चालवायला शिकली तेव्हा शिकवणारा म्हणाला, तुम्ही आधी चालवत होता का? थोरलीनं घासून घासून मिळवलेली जागा ती येता जाता पटकावायची, आणि वर तिला त्याचं काही वाटायचंही नाही, हे तर फारच. लोक म्हणतात पोटात दुखतं. थोरलीच्या पोटात दुखत नव्हतं. तिला कानशिलाखाली, जबड्याच्या सांध्यापाशी काहीतरी आवळल्यासारखं होई, आणि ती ते श्वासानं सोडवे. श्वास घ्यायचा, तिथं न्यायचा, सोडायचा. सुटायचं. सहा वर्षांच्या सवयीनं कुठलीही गाठ ती चार श्वासांत सोडवू शकत असे.

"ताई, तुम्हालाही येत असेल ना?" परत जाताना धाकटीनं विचारलं. रस्ता रिकामा होता, एक माणूस दुकानाची पाटी पुसत होता. प्रश्नात कसलीही खोच नव्हती. तिला खात्रीच होती, म्हणून ती सहज विचारत होती. "येतो ना," थोरली म्हणाली. "कधी कधी." "मला वाटलंच. तुम्ही सांगत नाही म्हणून काय झालं. तुमचा कुठल्या बाजूला असतो? माझा आपला उजवीकडेच. मागच्या मंगळवारी सकाळी सुरू झाला तो आहेच. कानाला जरासा दडा बसल्यासारखं वाटतं, बाकी काही नाही." थोरलीचं पाऊल पडायचं तसंच पडलं. "माझा मधोमध," ती म्हणाली. आणि मग दोघी ब्रेड घ्यायला थांबल्या.

थोरली कान तपासायची. मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर खोलीत खोली अशी तिची जागा होती: आतली खोली जाड, दुहेरी दाराची, भिंतींना राखाडी फोमचे शंकू, मध्ये एक खुर्ची, बाहेर तिचं टेबल, यंत्र, आणि दोन्हींच्या मध्ये काच. माणसाला आत बसवायचं, कानावर जाड टोप्यांचा हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि तेच वाक्य म्हणायचं जे ती दिवसातून पंधरा वेळा म्हणत असे: "आवाज आला की दाबा. अगदी बारीक आला तरी दाबा. शंका आली तरी दाबा." मग बाहेर येऊन एकेक सूर द्यायचा, कमी कमी करत न्यायचा, आणि जिथं माणसाचं बोट थांबेल तिथं कागदावर खूण करायची. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. गोल आणि फुल्या वरच्या बाजूला सरळ ओळीत राहिल्या की कान चांगला; खाली घसरू लागल्या की गेला तेवढा गेला. लोक बटण खोटंही दाबतात, हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. फसवायला नाही. पास व्हायचं असतं त्यांना. काचेतून तिचा हात हललेला दिसला की दाबतात, बराच वेळ काही झालं नाही की घाबरून दाबतात. दवाखान्यात त्याला हावरं बटण म्हणत. काउंटरवरची बाई विचारायची, "आज किती हावरी?" आणि थोरली बोटांवर मोजून दाखवायची. त्या रविवारी, ब्रेडच्या दुकानात सुटे घेता घेता, तिच्या ध्यानात आलं की आपण आत्ता दोनदा हावरं बटण दाबलं. एकदा 'येतो' म्हणताना आणि एकदा 'मधोमध' म्हणताना. पण त्याहूनही मोठी गोष्ट तिच्या ध्यानात आली होती, आणि ती तिनं तिथंच, पुढचा श्वास यायच्या आत, झाकून टाकली. एका बाजूला अचानक सुरू झालेला बारीक सूर. दडा. आवाज मंगळवारपासून. हे तिच्याकडे कुणी अनोळखी माणूस येऊन म्हणाला असता तर तिनं त्याला पुढचं वाक्य पुरं करू दिलं नसतं. आत बसवलं असतं. अशा कानाचे पहिले पंधरा दिवस महत्त्वाचे. औषध जितकं लवकर तितकं कान परत येण्याची आशा जास्त, हे तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर तिनंच स्वतःच्या अक्षरात लिहून लावलं होतं.

मग का नाही बोलली? पहिल्या दिवशी तिनं स्वतःला सांगितलं की वाईट दिसेल. बाईंनी चारचौघांत तिचं कौतुक केलं आणि घरी पोचायच्या आत मी म्हणायचं, अगं, तो नाद नाही, तुझा कान बिघडलाय. ती काय म्हणेल? दीर काय म्हणेल? नवरा तर म्हणेलच, "आत्म्याला लचक भरली वाटतं तुझ्या." दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की मी जळतेय म्हणून मला असं वाटतंय, आणि जळणाऱ्या माणसाच्या शंकेवर कशाला भरवसा ठेवायचा, आधी मन स्वच्छ करू, मग बोलू. हे तिला फार पटलं. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मन स्वच्छ करत राहिली आणि वर धाकटीच्या चपलांचा आवाज या खोलीतून त्या खोलीत जात राहिला. तिसऱ्या दिवशी मात्र, दुपारच्या सुट्टीत, खरं काय ते तिला सापडलं, आणि ते इतकं लहान होतं की ती थक्क झाली. डबा खाऊन झाला होता. बाहेर कुणी नव्हतं. ती स्वतः आतल्या खोलीत जाऊन बसली आणि दोन्ही दारं ओढून घेतली. वर्षानुवर्षं ती लोकांना इथं बसवत होती, पण स्वतः कधी बसली नव्हती. शांतता म्हणजे काय ते तिथं कळतं. ती कानांवर हात ठेवल्यासारखी दाबून येते. आधी तिला स्वतःच्या कॉलरचं कापड ऐकू आलं. मग आवंढा. मग पोटात डब्यातलं अन्न कुठेतरी वळलं ते. मग मानेत रक्त, धप, धप, घरात कुणीतरी दूरवर गादी झटकत असावं तसं. ती वाट पाहत बसली. काचेच्या पेल्याच्या कडेवरून ओलं बोट. काही नाही. उजवीकडे नाही, डावीकडे नाही, आणि मधोमध तर नाहीच नाही. आणि तिथं, जिथं कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं, तिच्या मनात ते वाक्य पहिल्यांदा पुरं झालं: मी तिला इथं आणलं, तपासलं, आणि तिचा कान चांगला निघाला तर?

हे होतं ते. कान बिघडलेला निघेल याची तिला भीती नव्हती. तो चांगला निघेल, गोल सगळे वरच्या ओळीत सरळ बसतील, आणि मग त्या आवाजाला कानाचं कारण उरणार नाही, याची भीती होती. मग तो खरा असेल. तीन महिन्यांत, हसता हसता, फ्रिज बंद करून पाहणाऱ्या बाईला मिळालेला. आणि तो खरा आहे हे आपल्याच यंत्रावर, आपल्याच लाल पेन्सिलीनं आपण सिद्ध केलेलं असेल. न तपासता ठेवला तर निदान तो दोन्ही होता. आजारही होता आणि नादही. ती खोलीबाहेर आली तेव्हा पुढचा माणूस बाकावर येऊन बसलाच होता, एक म्हातारे बसचालक, ते म्हणाले, "काय बाई, तुम्हीच आत? कानवाल्यांचे कान कोण तपासतं मग?" ती हसली आणि त्यांना आत घेऊन गेली आणि म्हणाली, शंका आली तरी दाबा.

दिवस जात होते आणि ती ते मोजत होती. मंगळवारपासून धरून सहावा होता तो रविवार. आता नववा, दहावा. बैठक चुकत नव्हती. उजळणीही नाही, फक्त उजळणीत रोज एक जागा यायची आणि ती तिथून हलकेच पाय उचलून पलीकडे जायची, ओल्या फरशीवरून जावं तशी. अकरावा दिवस शुक्रवार होता. धाकटी भिंगरीला शाळेतून घेऊन आली, दोघी सोफ्यावर लोळत होत्या, आणि भिंगरीनं काकूच्या गळ्यात हात टाकून उजव्या कानाला तोंड लावलं आणि काहीतरी लांबलचक कुजबुजली. काकू हसली. "हो हो, अगदी," म्हणाली. पोरगी मागं सरली, तिनं काकूच्या तोंडाकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन आईचा पदर ओढला. "आई, काकूला गुपित कळलंच नाही." "कळलं की, हसली ना ती." "नाही गं. मी विचारलं होतं, माझं नवं खोडरबर कुणी घेतलं? आणि ती म्हणाली हो हो." मग गंभीरपणे, स्वतःचा कान दुमडून दाखवत: "तिचा हा कान झोपलाय." थोरली तिच्यासाठी सफरचंद चिरत होती. तिनं फोडी पुऱ्या केल्या, मधला कडक भाग काढला, ताटलीत गोल रचल्या. साडेचार वर्षांच्या मुलीनं, कुठल्याही यंत्राशिवाय, तपासणी करून निकाल आणून दिला होता. आता शंका उरली नव्हती, म्हणजे आता हेवाही उरायला नको होता. तिला वाटलं होतं की हेवा शंकेवर जगतो. पण तो तसाच होता, ताटलीत बघत उभा. कारण बाहेर धाकटी डोळे मिटून, सोफ्याच्या पाठीवर मान टाकून बसली होती, आणि तिचा चेहरा असा होता की जणू घरात कुणीतरी तिचं माणूस आलंय आणि ते दुसऱ्या खोलीत आहे. आजार असो, नाहीतर काही असो, तो चेहरा खरा होता. तो थोरलीला एकदाही मिळाला नव्हता. "सफरचंद घ्या गं," ती म्हणाली, डाव्या बाजूनं जाऊन, म्हणजे ऐकू जावं म्हणून. इतकं तिनं केलं. आणि संध्याकाळी उजळणीत तिनं हे, डाव्या बाजूनं गेल्याचं, चांगल्या बाजूला मांडलं.

बाराव्या दिवशी काही झालं नाही. तेराव्या दिवशी रविवार. बाईंनी धाकटीला पुढे बसवलं, सगळ्यांच्या समोर तोंड करून, आणि म्हणाल्या की जिला लाभलंय तिच्यासमोर बसण्यानंही फरक पडतो. सगळ्या सरसावून बसल्या. थोरली दुसऱ्या रांगेत होती. समोर जाऊ, मिटल्या पापण्या, ओठ किंचित उघडे. थोरलीनं श्वास मोजला आणि तिला स्वतःच्या बळाचं नवल वाटलं. आतून सगळं ओरडत होतं आणि पाठीचा कणा ताठ होता, हात गुडघ्यावर स्वस्थ होते, कपाळावर आठी नव्हती. खरंच बळकट झाला होता आत्मा. सहा वर्षं न चुकता त्याला उठवून, बसवून, घोटून घेतलं होतं. नाहीतर इतकी मोठी गोष्ट इतके दिवस कुणाला पेलली असती? दुसरी कुणी केव्हाच बोलून मोकळी झाली असती. दुबळी असती ती. घंटा झाली. सगळ्या उठल्या, धाकटीभोवती गोळा झाल्या, कुणीतरी तिच्या हाताला हात लावला. मग जिना उतरताना चौथ्या पायरीवर धाकटीनं एकदम कठडा धरला, दोन्ही हातांनी, आणि तिचं डोकं उजवीकडे कललं. "काही नाही, काही नाही," ती म्हणाली. "जरा गरगरलं. कालपण झालं होतं. बाई म्हणाल्या, होतं असं, पायरी चढताना." "तू उतरत होतीस," थोरली म्हणाली. धाकटीला ऐकू आलं नाही. थोरली उजव्या बाजूला उभी होती. "काय म्हणालात?" धाकटीनं पूर्ण वळून विचारलं, हसत, पण कठडा सोडला नव्हता आणि बोटांची पेरं पांढरी झाली होती. "उद्या दुपारी दवाखान्यात ये माझ्याकडे," थोरली म्हणाली. "का?" "ये फक्त."

ती आली. सोमवारी, दुपारच्या सुट्टीत, स्वच्छ केस विंचरून, परीक्षेला आल्यासारखी. आतल्या खोलीत बसताना म्हणाली, "अय्या, इथं तर छानच बैठक होईल. इथं केवढा मोठा येतोय!" थोरलीनं हेडफोन चढवला, तिचे केस कानामागे सारले, बटण दिलं, आणि वाक्य म्हटलं. शेवटचा तुकडा तिनं दोनदा म्हटला. बाहेर आली. डावा कान आधी. फुल्या वरच्या ओळीत, टाचणीनं टोचल्यासारख्या सरळ. मग उजवा. खालचे, जाडे सूर ठीक होते. मग बारीक सूर सुरू झाले आणि काचेपलीकडे धाकटीचा चेहरा तसा झाला, सोफ्यावर झाला होता तसा, आणि तिनं बटण दाबलं. थोरलीनं अजून काही दिलंच नव्हतं. थांबली. धाकटीनं पुन्हा दाबलं. स्वतःच्या कानातलाच सूर ऐकून ती दाबत होती, मन लावून, प्रामाणिकपणे. थोरलीनं मग दुसऱ्या पद्धतीनं घेतलं, तुटक तुटक सूर देत, टुक टुक टुक, म्हणजे एकसारख्या आवाजात ते वेगळे कळावेत. आणि आवाज वाढवत नेला, वाढवत नेला, आणि बोट हललं तेव्हा काटा कुठच्या कुठे गेला होता. पहिला लाल गोल उतरला. दुसरा त्याच्याही खाली. तिसरा कागदाच्या जवळजवळ तळाशी. आणि तो तिसरा गोल काढताना थोरलीचा हात हलका होता. फार हलका. इतका सुबक गोल तिनं कितीतरी दिवसांत काढला नव्हता, दोन्ही टोकं बरोबर जुळलेली. बरं झालं, असं तिच्या आत कुणीतरी म्हणालं, मोठ्यानं, एकसारख्या आवाजात. म्हणजे वाजलं होतं खरं काहीतरी. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि ती थोडा वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. जबड्याच्या सांध्यापाशी ती गाठ होती, आणि तिनं श्वास तिथं नेला नाही. राहू दे म्हणाली.

दार उघडलं. "पास?" धाकटीनं विचारलं. "नाही," थोरली म्हणाली. खुर्चीसमोर गुडघ्यावर बसली, म्हणजे तोंड दिसावं. "उजव्या कानाचं बरंच गेलंय. तो आवाज त्याचा आहे. कानाचाच. आत काही... त्याला नाद नाही म्हणत." धाकटी तिच्याकडे पाहत राहिली. हेडफोन तिच्या गळ्यात होता. मग एकदम घाबरून तिनं थोरलीचा हात धरला. "मग ताई, तुमचा? तुमचाही येतो ना! मधोमध म्हणालात. म्हणजे दोन्ही कान? तुम्ही तपासलंत का कधी? बसा, बसा इथं. मला सांगा काय करायचं ते, मी देते आवाज." ती उठलीसुद्धा, खुर्ची रिकामी करून. थोरली तशीच गुडघ्यावर. "मला येत नाही," ती म्हणाली. "कधीच आला नाही. मी खोटं बोलले." "खोटं?" "आणि तुझं मला त्याच रविवारी कळलं होतं. रस्त्यातच. उजवीकडे म्हणालीस तेव्हा." धाकटीनं बोटं मोजली नाहीत, पण तिचे ओठ हलले. "आठ दिवस," ती म्हणाली. "हो." "का?" थोरलीला पुष्कळ उत्तरं येत होती, आठवडाभर तयार केलेली. "खरा निघाला असता तर मला बघवलं नसतं," ती म्हणाली. धाकटीनं गळ्यातला हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली, खुर्चीवर ठेवला. "डॉक्टर आहेत का आत्ता?" तिनं विचारलं.

डॉक्टर होते. त्यांनी कागद पाहिला, कानात दिवा घालून पाहिलं, किती दिवस झाले ते विचारलं. चौदा, धाकटी म्हणाली. आजच सुरू करू, ते म्हणाले. गोळ्या, आणि कानात इंजेक्शन. येईल थोडं परत, किती ते आत्ता सांगता येत नाही, आधी आला असतात तर बरं होतं. मग चष्म्यावरून थोरलीकडे पाहून, अर्धं थट्टेत: "काय हो, तुमच्याच घरात, आणि चौदा दिवस?" "मी बोललेच नव्हते त्यांना," धाकटी म्हणाली. लगेच म्हणाली, विचार न करता, पोहताना पाण्यात हात टाकावा तशी. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. थोरलीनं तोंड उघडलं. पण त्या क्षणी तिला जे वाटलं त्यानं तिची जीभच धरली. हेही हिला जमलं, असं वाटलं तिला. कसलाही सराव न करता. पहिल्याच फटक्यात. माझ्यासाठी.

इंजेक्शनसाठी बाहेरच्या लांब बाकावर थांबायचं होतं. ढकलगाड्या जात होत्या, एक पंखा खडखडत होता, कुणीतरी कुणाला तरी नंबर विचारत होतं. थोरली सवयीनं धाकटीच्या डाव्या हाताला बसली, चांगल्या कानाच्या बाजूला. धाकटी जरा वेळ समोर पाहत राहिली. मग उठली, तिला वळसा घालून पलीकडे गेली आणि थोरलीच्या डाव्या अंगाला जाऊन बसली. आता दोघींच्या मध्ये तो उजवा कान होता. थोरलीला कळलं, आणि ते तिनं घेतलं. हेही कमीच होतं. तिनं उठून जावं की बसून राहावं हे तिला ठरवता येईना, आणि मग ती बोलायला लागली, खालच्या आवाजात, जाऊचा चेहरा न पाहता. "तू लग्न होऊन आलीस ना," ती म्हणाली, "त्या पहिल्या आठवड्यात भिंगरीला ताप होता. ती कुणाकडे झोपेना. तू घेतलंस आणि झोपली. तेव्हापासून आहे हे. तू गाडी शिकलीस तेव्हा मला वाटलं होतं ठोकशील. म्हणजे मेली नसतीस, पण थोडी. तू वर्गाला आलीस तेव्हा मला बरं वाटलं, कारण मला वाटलं इथं तरी मी पुढे असेन. आणि मघाशी तो कागद..." तिथं ती अडकली. एक ढकलगाडी पुढून गेली. "मघाशी गोल खाली आले ना, तेव्हा मला आनंद झाला. खरंच झाला. मी तुला कसं सांगू, तो मला..." पुढचा शब्द तिच्याकडे नव्हता. पंखा खडखडत राहिला.

धाकटी समोरच्या भिंतीकडे पाहत होती. डोळे उघडे होते, पाण्यानं भरलेले, आणि तिनं ते पुसले नव्हते.

"थांबलात का?" ती म्हणाली. मान वळवली नाही. "मला काही ऐकू येत नाहीये. बोला तुम्ही."